खोऱ्यातून वर, खिंडीतून पलीकडे

जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत रोज एक छोटी चौकट असते. राजाराम बंधारा, पाणीपातळी इतके फूट इतके इंच. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. आणि त्याखाली पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची नावं. पंचगंगेवरचे शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. भोगावतीवरचे हळदी, राशिवडे, कोगे. कासारीवरचे यवलूज, पुनाळ-तिरपण, ठाणे-आळवे, बाजारभोगाव. नदीकाठचा शेतकरी ती चौकट वाचून मोटर वर ओढायची का ते ठरवतो. एसटीवाले गाड्या कुठून वळवायच्या ते ठरवतात. मी ती वाचतो, कारण माझे सगळे रस्ते त्या यादीतून जातात.

लोकांना सायकलवरून ही खोरी दाखवणं हे माझं काम. कसबा बावड्यात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पाऊस उघडला, दसरा झाला की होळीपर्यंत सहली चालतात. पुण्या-मुंबईची मंडळी येतात, बेळगावची येतात, नोकरीला लागलेली तरुण मुलं येतात तशी साठी ओलांडलेली जोडपीही येतात. त्याआधी बरीच वर्षं मी एका दूध संघाच्या संकलन विभागात सुपरवायझर होतो. गावोगावच्या डेअऱ्या, सकाळ-संध्याकाळचा टेम्पो, कॅन, फॅट, एसएनएफ, दहा दिवसांचं बिल. रस्ते मला तिथेच पाठ झाले. कुठल्या गावचा ओढा पहिल्या मोठ्या पावसात रस्त्यावर येतो, कुठल्या मोरीपाशी टेम्पो अडतो, कुठल्या वळणावर सकाळी म्हशी नदीला निघालेल्या असतात, हे नकाशात सापडत नाही. दुधाच्या गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी बसून ते कळतं.

हा मुलूख ज्यांनी पाहिला नाही त्यांना आधी त्याची ठेवण सांगायला हवी. पश्चिमेला सह्याद्रीचा माथा, तिथून पूर्वेकडे उतरत आलेल्या डोंगराच्या सोंडा, आणि दर दोन सोंडांमध्ये एक नदी. कासारी येते गजापूर-पावनखिंडीच्या बाजूने, कुंभी गगनबावड्याकडून, तुळशी धामोडकडून, भोगावती राधानगरी-दाजीपूरच्या रानातून. धामणी कुंभीला मिळते. तुळशी आणि कुंभी वरच भोगावतीत येतात, कासारी चिखलीच्या प्रयाग संगमावर भेटते. पाचवी सरस्वती, ती गुप्त मानतात. तिथून पुढे पंचगंगा. कोल्हापूरला आणि आमच्या बावड्याला लागून ती पूर्वेला जाते आणि सुमारे ८० किलोमीटरवर नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळते.

सायकलवाल्याच्या दृष्टीने या ठेवणीचा मोठा फायदा आहे. नदीच्या कडेने वर गेलात तर चढ पायांना फारसा कळत नाही. कोल्हापूरहून गगनबावडा ५५ किलोमीटर, पण उंची बहुतेक शेवटच्या टप्प्यात मिळते. आधीचा सगळा रस्ता उसाच्या आणि भाताच्या शिवारातून, कुंभी कधी डावीकडे कधी उजवीकडे ठेवून जातो. नवखा माणूसही दिवसभरात तो टप्पा करतो आणि संध्याकाळी त्याचा चेहरा उजळलेला असतो. पहिल्याच दिवशी चढाने मोडलेला माणूस पुन्हा सायकलवर येत नाही, म्हणून मी नवख्यांना आधी खोऱ्यातूनच नेतो.

अडचण त्यापुढे सुरू होते. मोठ्या खोऱ्यांच्या टोकाला कोकणात उतरणारे घाट आहेत: आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा. ज्याला समुद्राकडे जायचंय त्याची सोय झाली. पण एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जायचं तर रस्ते थोडे. दुधाचा टेम्पो वरच्या टोकाच्या वाडीपर्यंत जातो आणि तिथून दूध गोळा करत खाली येतो, कारण शीतकरण केंद्र खाली. मुक्कामाची एसटी रात्री वरच्या गावात थांबते आणि सकाळी त्याच वाटेने परत. ऊस खाली कारखान्याकडे, कॉलेजची मुलं खाली, आजारी माणूस खाली कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात. सगळा व्यवहार पाण्याच्या दिशेने चालतो. दूध संघात इतकी वर्षं काढली, पण आमचा एकही रूट सोंड ओलांडून पलीकडे गेला नाही. जायचं कारणच नव्हतं.

सायकलवर सहलीला आलेल्या माणसाला मात्र आल्या वाटेने परत जायला नको असतं. एका नदीने वर जावं, डोंगर ओलांडावा, दुसऱ्या नदीने खाली यावं, असं त्याच्या मनात असतं, आणि ते बरोबरच आहे. वर जाताना नदी वाचली, तर उतरताना दुसरी वाचायला मिळावी. म्हणजे माझं खरं काम खिंडी शोधण्याचं.

खिंडींची माहिती मला पुरुषांपेक्षा बायकांकडून जास्त मिळाली. पुरुषांना विचारलं की ते मोटारसायकलचा रस्ता सांगतात, आणि तो हमखास खाली उतरून वळसा घेणारा असतो. तुळशीच्या खोऱ्यात धामोडच्या पुढे एका घरापुढे एक म्हातारी शेणी थापत बसली होती. म्हासुर्ली पलीकडच्या धामणीच्या खोऱ्यात. तिला विचारलं, "आक्का, इकडनं म्हासुर्लीकडं जायला वाट हाय का?"

"हाय की. माझं म्हायेरच तिकडं."

"सायकल जाईल?"

"आता डांबर पडलंय, जाईल. पर चढ हाय बगा. मधी उतरून हातात धरावी लागंल."

"लांब हाय?"

"लांब कसलं! पोरगं कडंवर घिऊन जात हुतो आमी."

किलोमीटर सांगितले असते तर मला इतकं कळलं नसतं. कडेवर मूल घेऊन बाई ज्या चढाने जाते तो चढ लांब असेल, पण अंगावर येणारा नसतो. तिथे विसाव्याची जागा असते, वर पाणी असतं, झाड असतं. तसंच निघालं. माथ्याच्या अलीकडे एक जुनं आंब्याचं झाड आणि त्याखाली बसायला रचलेले दगड. माझ्या सहली अजून तिथेच थांबतात.

त्यानंतर मी प्रत्येक खोऱ्यात माहेरवाशिणींनाच विचारत गेलो. धामणीतली लेक तुळशीत दिलेली, कासारीतली कुंभीत. ऊस, दूध, नोकरी सगळं खाली जातं, सोयरीक मात्र सोंड ओलांडून होते. जत्रेला, बारशाला, मयताला माणसं अजून खिंडीतूनच जातात. आता मोटारसायकलने जातात, एवढाच फरक. डांबर पडलं ते नंतर. त्याखालची वाट या येण्याजाण्याने पडलेली आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. सहलीला आलेल्या माणसांना मी माथ्यावर थांबवून हेच सांगतो, की तुम्ही कुणाच्या तरी माहेरच्या वाटेवर उभे आहात.

माझी सगळ्यात आवडती फेरी बावड्यातूनच निघते. शहरात शिरावं लागत नाही. लक्ष्मी विलास पॅलेस, जिथे १८७४ साली शाहू महाराजांचा जन्म झाला, तो मागे टाकायचा आणि राजाराम बंधाऱ्यावरून पलीकडे वडणग्याच्या बाजूला जायचं. सकाळी सहाच्या सुमाराला त्या बंधाऱ्यावर समोरून दूधवाले येत असतात. एके काळी बावीस इंची सायकल आणि कॅरिअरच्या दोन बाजूंना कॅन, आता बहुतेकांकडे मोटारसायकल. तरी एखाददुसरा सायकलवाला अजून दिसतो, आणि माझ्याबरोबरच्या महागड्या सायकली बघून थांबतो. किंमत विचारतो, मग टायर दाबून बघतो. त्याच्या हाताला हवेचा अंदाज माझ्या गेजपेक्षा चोख आहे.

वडणगे, आंबेवाडी, चिखली. प्रयागला संगमावर थोडं थांबायचं. तिथून यवलूज, पडळ करत कासारीच्या काठाने वर. थंडीत धुकं नदीवर बसलेलं असतं, आणि गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर त्यात मिसळतो. ऊस दोन्ही बाजूंना इतका उंच की रस्ता वळल्याशिवाय पुढचं गाव दिसत नाही. बाजारभोगावात गरम भजी आणि चहा. हे खोऱ्यातलं बाजाराचं गाव, आजूबाजूच्या वाड्यांचा माणूस इथे भेटतोच. इथून सरळ गेलं तर अणुस्कुरा घाट, कोकण. आम्ही वळतो ते कळे गावाकडे. या चढावर माणसं गप्प होतात. कोण दमलं, कोण घाबरलं, कोणाची चेन कुरकुरतेय, हे मागून येताना मला ऐकू येतं. चढात जोर लावलेला असताना गिअर बदलला की चेनवर ताण येतो, म्हणून पायथ्यालाच हलका गिअर टाकून घ्या असं मी प्रत्येकाला सांगतो. तरी एखादा विसरतो. मग रस्त्याकडेला चेन जोडायचा कार्यक्रम होतो, आणि तोवर बाकीच्यांना चांगली विश्रांती मिळते. सोंडेवर पोचलं की मागे कासारीचं खोरं आणि पुढे कुंभीचं. कळ्याला उतरून मुक्काम, किंवा ज्यांना घरी परतायचं त्यांना बालिंग्याच्या पुलावरून कोल्हापूर.

दुसऱ्या दिवशी कुंभीच्या काठाने वर. सांगशी, असळज, मांडुकली. पळसंब्याला ओढ्यातल्या एकसंध खडकात कोरलेली रामलिंगाची लेणी आहेत, झाडीत इतकी दडलेली की माहीत नसेल तर माणूस हजारदा जवळून जाईल. तिथलं पाणी उन्हाळ्यातही गार असतं. गगनबावड्याला पोचेपर्यंत ऊस विरळ झालेला असतो आणि जंगल लागलेलं असतं. भोगावतीच्या बाजूचं वर्णन करत नाही. राधानगरीचं धरण, दाजीपूरचे गवे हे सगळ्यांना माहीत आहे. एकच सांगतो, बीडच्या शिवारात पावसाळ्यानंतर अजून कुणाला तरी सोन्याचा बेडा, म्हणजे जुनं नाणं, सापडतो. शिलाहारांच्या काळापासूनचं ते गाव. माझ्या सहलीतली मुलं तिथे मान खाली घालून सायकल चालवतात.

बंधाऱ्यांविषयी मात्र सविस्तर सांगायला हवं. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हे नाव साऱ्या महाराष्ट्रात पोचलं, पण त्याचा उपयोग पूल म्हणून किती होतो हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. नदीपात्रात ओळीने खांब, खांबांना खाचा, त्या खाचांत लाकडी किंवा लोखंडी बरगे दोन ओळींत बसवायचे आणि मधे माती भरायची. पाऊस संपला की बरगे घालतात, पाणी अडतं. पावसाळ्याच्या तोंडावर काढतात, पुराचं पाणी खांबांमधून निघून जातं. वरच्या अरुंद रस्त्यावरून माणसं, सायकली, मोटारसायकली, काही ठिकाणी ट्रॅक्टरसुद्धा जातात. मोठा पूल दहा-बारा किलोमीटरवर असतो, बंधारा गावाच्या शिवेवर. पलीकडचं शेत, पलीकडची शाळा, सगळं त्याच्यावरून.

बाहेरून आलेला सायकलस्वार पहिल्यांदा बंधाऱ्यावर आला की त्याचा पहिला प्रश्न असतो: कठडा का नाही? माझ्या मते आपल्या भागातली सगळ्यात शहाणी बांधणी त्या न बांधलेल्या कठड्यात आहे. हा बंधारा बुडणारच आहे, हे धरूनच बांधलाय. कठडा असता तर पुरात वाहून येणारी झाडं, वाडं, जलपर्णी त्यात अडकली असती, पाणी तुंबलं असतं आणि एक तर कठडा गेला असता नाहीतर बंधारा. तेव्हा बंधाऱ्यावर सायकलवरून उतरायचं, ओळीने चालायचं, ओलसर असेल तर शेवाळावरून पाय घसरणार नाही इतकं हळू. हा माझा नियम आहे आणि त्यात कुणालाही सूट नाही, कितीही पटाईत असला तरी.

कठडा नसण्याचा अर्थ मला पूर्ण कळला तो दूर देशातल्या एका खोऱ्यामुळे. माझी भाची जर्मनीत बॉनला राहते. तिच्याकडे गेलो तेव्हा तिने मला सायकल मिळवून दिली आणि आर नदीच्या खोऱ्यात नेलं. ही नदी ब्लांकेनहाइम गावात एका जुन्या घराच्या तळघरात उगम पावते आणि ऱ्हाइनला मिळते. लांबी आमच्या पंचगंगेइतकीच, नव्वदच्या आत. तिच्या काठाने सायकलचा मार्ग आहे, काही भाग जुन्या रेल्वेच्या वाटेवर. दोन्ही बाजूंना उभे डोंगर, त्यांच्या काळ्या पाटीच्या दगडावर बांध घालून लावलेल्या द्राक्षवेली. आल्टेनार, मायशॉस, रेख, डेर्नाउ अशी गावं एकामागून एक. प्रत्येक फाट्यावर पांढऱ्या पाटीवर हिरव्या अक्षरांत पुढच्या गावाचं नाव आणि अंतर. आगगाडीच्या डब्यात सायकल चढवता येते, म्हणून तिथली म्हातारी माणसंसुद्धा गाडीने वर जातात आणि नदीबरोबर खाली येतात. त्यांना खिंडीची गरज पडत नाही. सायकलवाल्याला एका रात्रीपुरती खोली देणारी घरं आणि छोटी हॉटेलं तिथल्या सायकल संघटनेने तपासून, पाटी देऊन ठेवलेली असतात. सायकल कुलपात, ओले कपडे वाळवायला जागा, सकाळी भरपूर न्याहारी. ते बघून माझ्या डोक्यात कळे आणि गगनबावडा घोळत होते.

जुलै २०२१ मध्ये, १४ तारखेच्या रात्री, त्या खोऱ्यात पूर आला. काही तासांत पाणी घरांच्या वरच्या मजल्यांपर्यंत गेलं. त्या एका खोऱ्यात १३० हून अधिक माणसं गेली. रेल्वे उखडली, सायकलचा मार्ग कित्येक ठिकाणी नाहीसा झाला. पुलांच्या कमानींत झाडं, मोटारी, घरांचे तुकडे अडकले, त्यामागे पाणी साठलं आणि मग एकदम सुटलं. रेखचा अठराव्या शतकातला दगडी पूल १९१० च्या पुरातून तरला होता. या पुरात तो मोडला. त्या पुलावर मी सायकल टेकवून पाणी प्यायलो होतो. भाची फोनवर रडत होती. तिच्या ओळखीची माणसं तिथे होती.

आणि त्याच महिन्यात, जेमतेम आठवड्याने, आमच्याकडे राजाराम बंधाऱ्याच्या चौकटीतला आकडा ५५ फुटांच्या वर गेला. २०१९ च्या ऑगस्टनंतर पुन्हा. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद, बालिंग्याकडून गगनबावडा रस्ता बंद, केर्लीपाशी रत्नागिरी रस्ता बंद, पन्हाळ्याचा रस्ता खचून खाली गेलेला. चिखली-आंबेवाडीची माणसं पुन्हा बाहेर काढली. मी स्वतः दुकानातलं सामान माळ्यावर चढवून गल्लीतल्या पोरांबरोबर नदीकडच्या घरांतली भांडीकुंडी, जनावरं वर आणण्यात होतो. आमचं पाणी आरसारखं झडप घालत नाही. ते दिवसादिवसाने, इंचाइंचाने चढतं. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे उघडले, एकेका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक, की गावोगावी फोन सुरू होतात. माणूस बाहेर पडू शकतो. पण उतरायला ते तितकाच वेळ घेतं, कारण पुढे कृष्णा भरलेली असते आणि पंचगंगेचं पाणी फुगवट्याने मागे सरतं. खोऱ्याचा सपाट तळ दिवसचे दिवस पाण्यात राहतो. ज्या रस्त्यांवर चढ नाही म्हणून मी नवख्यांना नेतो, तेच रस्ते आधी जातात.

त्या दिवसांत खोऱ्यांतल्या जुन्या डेअरीवाल्यांशी मी फोनवर बोलत होतो. दूध खाली जात नव्हतं. खालचे रस्ते पाण्यात होते, टेम्पो येणार कुठून. पण जिथे दरड आली नव्हती अशा खिंडींतून पलीकडच्या गावांशी संबंध चालू होता. एका गावातल्या म्हाताऱ्या माणसाच्या साखरेच्या गोळ्या सोंडेपलीकडून त्याच्या जावयाने आणून दिल्या. एका ठिकाणी बाळंतीण खिंडीतून पलीकडच्या दवाखान्यात नेली. माझ्या सहलींचे ते चढ, जिथे लोक दमून बसतात, ते अशा वेळी गावाचे एकमेव रस्ते असतात. सायकल मार्ग आखताना मी हे पूर्वी मोजत नव्हतो. आता प्रत्येक फेरीचे दोन नकाशे ठेवतो, एक कोरड्या दिवसांचा, एक पाण्याचा. पाण्याच्या नकाशात बंधारे नसतात, मोऱ्या नसतात, फक्त सोंडांवरून जाणाऱ्या वाटा असतात. पावसाळ्यात मी सहल नेत नाही. तरी तो नकाशा दर मे महिन्यात तपासून ठेवतो, आणि ज्या गावांतून आमच्या फेऱ्या जातात तिथल्या ओळखीच्या माणसांना त्याची प्रत देतो.

हंगामाचा त्रास वेगळा. आम्ही फिरतो त्याच महिन्यांत ऊसतोड चालू असते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळणावर मागून आला की सायकल रस्त्याखाली घ्यायची, वाद नाही. रस्त्यावर सांडलेली कांडी आणि फडातून चाकांबरोबर आलेला चिखल यांनी घसरायला होतं. अंधार पडल्यावर रस्त्यावर थांबायचं नाही, कारण बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. पण ज्या हंगामाची गैरसोय होते त्याच्यामुळेच ही खोरी हिरवी आणि खातीपिती आहेत. मराठवाड्यातून आलेल्या टोळ्या शिवारात खोपटी करून राहतात, पहाटे कोयता घेऊन निघतात. त्यांच्या मुलांकडे माझ्याबरोबरचे लोक खाऊ देऊन फोटो काढायला जातात, ते मी थांबवतो. बोलायचं असेल तर खुशाल बोला, त्यांचं गाव विचारा. फोटो नको.

मुक्कामाची सोय हा कामाचा सगळ्यात अवघड भाग. जेवणाची चिंता नसते. बचत गटाच्या बायका भाकरी, झुणका, खर्डा, दही, हंगामात गुळाचा ताजा खडा असं वाढतात की पाहुणा उठायचं नाव घेत नाही. अवघड असतं ते बायकांसाठी स्वच्छ संडास-बाथरूम, आणि सायकल ठेवायला छप्पर. दोन्ही असलेली घरं मी एकेक करून जोडत आणली. सुरुवातीला घरमालक विचारायचे, "एवढ्या लांबनं लोक सायकल चालवायला येत्यात? गाडी न्हाई का त्यांच्याकडं?" आता तेच लोक पाहुण्यांना सकाळी गोठ्यात नेऊन धार काढताना दाखवतात. एका घरच्या सुनेने अंगणात दोरी बांधली, भिजलेले कपडे वाळत घालायला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आर नदीच्या काठी जे मी पैसे मोजून पाहिलं होतं ते इथे तिने स्वतःच्या बुद्धीने केलं.

पाट्यांचं मात्र राहिलं आहे. आमच्या रस्त्यांवर पुढच्या मोठ्या गावाच्या पाट्या आहेत, पण खिंडीच्या फाट्यावर पाटी नसते. त्या रस्त्याने जाणारा माणूस ठरलेला, त्याला पाटी कशाला, असा सरळ हिशोब. मी काही ग्रामपंचायतींत जाऊन बोललो. एका गावच्या सरपंचबाईंनी लगेच होकार दिला. पाटीचा खर्च मी करायचा, जागा आणि परवानगी त्या बघणार. मी पाटीचा मजकूर लिहून नेला होता: खिंडीचं नाव, माथ्यापर्यंतचं अंतर, पिण्याच्या पाण्याची जागा, सायकलचं छोटं चित्र. त्यांनी तो ग्रामसेवकाला आणि जमलेल्या लोकांना वाचून दाखवला. मागे बसलेल्या एका बाईने सांगितलं, सायकलचं चित्र ऱ्हाऊ द्या, पर पलीकडच्या गावाचं नाव मोठं लिवा, आणि त्याच्याखाली लिवा की महापुरात ह्योच रस्ता. सरपंचबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिशातला पेन काढून मजकुरात ती ओळ वर घेतली आणि माथ्यापर्यंतचं अंतर खाली नेलं. रंगारी गणपतीनंतर मोकळा होतो म्हणालाय. दसऱ्याच्या पहिल्या सहलीआधी दोन्ही बाजूंच्या फाट्यांवर पाट्या लागतील.